महामारीत कमाई आटली आहे, घरात एकटेपणा आहे, पैशाच्या काळजीने झोप लागत नाही आणि कशालाच अर्थ वाटत नाही. यातून कसं सावरावं?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. काम निम्म्यावर आलंय आणि शिल्लक दोन-तीन महिने पुरेल. एकटे राहत असल्याने कित्येक दिवस कुणाशी धड बोलणं होत नाही. आणि मोठ्या भावाला सांगावं, तर तो स्वतःच ओढाताणीत आहे. तुम्ही या वेगवेगळ्या मांडल्या आहेत, पण मला त्या एकमेकींत अडकलेल्या दिसतात. पैशाची चणचण माणसाला गप्प करते, गप्प राहिलेला माणूस एकटा पडतो, आणि एकट्याच्या डोक्यात शिल्लक आणि देण्यांचा तोच आकडा रात्री फुगत जातो. त्यामुळे सुरुवात कुठून करू असं विचाराल, तर भावाला तो आकडा सांगण्यापासून करा. खर्चाची काटछाट, दिनक्रम, व्यायाम हे सगळं त्यानंतर.

हे पुस्तकातलं सांगत नाहीये. मी कार्यक्रमांना ध्वनियंत्रणा पुरवतो. 11 मार्च 2020 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महामारी म्हटलं, आणि त्याच्या आगेमागे माझी पुढच्या सगळ्या महिन्यांची कामं एकेक करत रद्द झाली. गर्दीवर चालणारे धंदे जगभर सगळ्यात आधी बंद झाले आणि सगळ्यात शेवटी सुरू झाले. यंत्रांसाठी काढलेलं कर्ज मात्र चालूच होतं. मीही एकटाच राहतो. तेव्हा रात्री छताकडे बघत मनातल्या मनात बेरजा करणं म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक आहे.

आपल्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. एरवी त्यात शहाणपण असेल, पण कमाई थांबलेल्या माणसाचा या म्हणीने घात होतो. मूठ झाकलेली ठेवायची म्हणजे फोन टाळायचे, कुणी विचारलं तर 'ठीक चाललंय' म्हणायचं आणि हळूहळू विचारणारेही कमी व्हायचे. शिवाय या काळात कमाई बंद होणं हा कुणाचा नाकर्तेपणा नाही. 2020 मध्ये जगातल्या कोट्यवधी लोकांचं काम एकाच वेळी, एकाच कारणाने थांबलं. हे तुम्हाला कळत असेलच, पण लाज कळण्याने जात नाही. समोरचा माणूस ते ऐकून घेतो आणि तरीही नेहमीसारखाच बोलत राहतो, तेव्हा ती जाते.

भाऊ अडचणीत आहे म्हणून तुम्ही थांबला आहात. माझं मत स्पष्ट आहे, तरीही सांगा. फक्त पहिल्याच वाक्यात त्याला मोकळं करा: 'दादा, मला पैसे नकोत. माझा हिशेब तुझ्यासमोर मांडायचाय, अर्धा तास दे.' पैसे मागितले जाणार नाहीत हे कळलं की ऐकणारा सैल होतो. मग त्याचाही हिशेब विचारा. तोही असाच कुणाला न सांगता बसला असण्याची शक्यता मोठी आहे. मी एका जुन्या मित्राला सांगितलं होतं. त्याने काही तोडगा दिला नाही, पण कोणता हप्ता कधी आहे हे जाणणारा दुसरा माणूस जगात आहे, एवढ्यानेच माझा ताण बराच उतरला.

यामागचं एक कारण संशोधनातही सापडतं. 2013 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांची विचारशक्ती दोनदा तपासली, एकदा तोडणीआधी हात तंगीत असताना आणि एकदा तोडणीनंतर पैसा आल्यावर. माणसं तीच, पण तंगीच्या काळात त्यांच्या चाचण्या स्पष्टपणे वाईट गेल्या. पैशाची विवंचना डोक्यातली जागाच अडवून बसते. त्यामुळे सध्या तुम्हाला साधे निर्णय जड जात असतील, एखादं पत्र तीनदा वाचूनही कळत नसेल, तर बुद्धी गेली असं समजू नका. आणि म्हणूनच दुसऱ्या माणसाचं डोकं उसनं घ्या. तुमच्या आकड्यांकडे तो तुमच्यापेक्षा शांतपणे बघू शकतो.

आता आकड्यांचं. डोक्यातला हिशेब कागदावर उतरवा. हातात किती आहे, दरमहा किती येण्याची खात्री आहे (आशा नव्हे, खात्री), आणि कुणाला कधी किती द्यायचं आहे. मग देण्यांचा क्रम लावा. डोक्यावरचं छप्पर, जेवण, औषधं, वीज, पाणी आणि फोन आधी. आरोग्य विम्याचा हप्ताही याच रांगेत धरा, साथीच्या दिवसांत विमा खंडित होणं फार महागात पडतं. तारण ठेवून काढलेलं कर्ज त्यानंतर, कारण ते थकलं तर वस्तू जाते. विनातारण देणी सगळ्यात शेवटी. उलट घडतं असं की जो जास्त फोन करतो, जास्त दरडावतो, त्याचे पैसे आपण आधी देऊन टाकतो. वसुलीवाल्याचा आवाज किती चढा आहे यावर क्रम ठरवू नका.

हप्ता चुकणार हे दिसत असेल तर तो चुकण्याआधी फोन करा. हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे. हप्ता थकण्याआधी स्वतःहून आलेल्या माणसाला मुदत वाढवून देणं, हप्ता लहान करणं हे कर्ज देणाऱ्यालाही सोयीचं असतं. थकल्यानंतर तोच माणूस वसुलीच्या यादीत जातो आणि बोलणारेही बदलतात. जे ठरेल ते लेखी मागा, निदान ईमेलवर तरी. घरमालकाशीही हाच मार्ग धरा, 'या महिन्यात इतकं देतो, उरलेलं अमुक तारखेला' असा ठोस प्रस्ताव घेऊनच बोला. नुसतं 'जरा सांभाळून घ्या' म्हटलं तर समोरच्याला हो म्हणायला काही आधारच मिळत नाही.

हप्ते पुढे ढकलायची सवलत मिळाली तर ती काय आहे ते नीट समजून घ्या. हप्ता थांबतो, पण बहुतेक वेळा व्याज थांबत नाही, ते मुद्दलात मिळवलं जातं आणि पुढे त्यावरही व्याज लागतं. जगायला पैसे लागत असतील तर सवलत जरूर घ्या, पण हातात पैसे असताना केवळ मिळतेय म्हणून घेऊ नका. क्रेडिट कार्डावर दर महिन्याला दिसणारी 'किमान देय रक्कम' भरली की दंड टळतो, बाकीच्या रकमेवर व्याज चालूच राहतं. महिना 3 टक्के चक्रवाढीने 100 चे वर्षभरात जवळपास 143 होतात. फोनवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपपासून दूर राहा. आणि कर्ज मंजूर करायला आधी पैसे मागणारा कुणीही असो, तो फसवणूक करतोय.

एवढं सगळं करूनही रात्री काळजी येणारच. त्यावर मला एक साधा उपाय लागू पडला. त्याचं मूळ मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1983 च्या प्रयोगात आहे. दिवसातला अर्धा तास काळजीसाठी राखून ठेवायचा, रोज तीच वेळ, तीच जागा. बाकी वेळी काळजी मनात आली की ओळखायची आणि 'हे त्या अर्ध्या तासात' म्हणून हातातल्या कामाकडे वळायचं. वेळ झाली की मात्र खरोखर बसायचं, कागद-पेन घेऊन. सुरुवातीला जमत नाही, आठवड्या-दोन आठवड्यांत सवय लागते. फक्त ही वेळ झोपेच्या जवळ ठेवू नका आणि अंथरुणात तर मुळीच बसू नका.

एकटेपणाकडे वळतो. आधी हे मनातून काढा की एकटं राहून माणसांची ओढ लागणं म्हणजे दुबळेपणा. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात महामारीआधीच एक प्रयोग झाला होता, त्याचे निष्कर्ष 2020 च्या अखेरीस छापून आले. 40 जणांना एके दिवशी 10 तास पूर्ण एकटं ठेवलं, दुसऱ्या एका दिवशी 10 तास उपाशी ठेवलं. उपाशी असताना जेवणाची चित्रं बघून मेंदूचा जो भाग पेटला, तोच भाग एकटं राहिल्यावर माणसांची चित्रं बघून पेटला. दहाच तासांनी. तुमचे तर महिने झालेत.

रोजगार गेल्यावर पैशाबरोबर आणखी काय जातं, याचा एक जुना अभ्यास मला या काळात फार जवळचा वाटला. ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल नावाच्या गावातली कापड गिरणी बंद पडली आणि जवळपास सगळं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोदा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि सहकाऱ्यांनी तिथं राहून केलेलं निरीक्षण 1933 मध्ये प्रसिद्ध झालं. लोकांकडे वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं जवळपास निम्म्यावर आलं. पुरुष रस्त्याने सावकाश चालू लागले, सारखे थांबू लागले. दिवसभर काय केलं असं विचारलं तर त्यांना सांगता येईना. बायकांचं तसं झालं नाही, कारण घरकाम तसंच होतं आणि त्यामुळे दिवसाला आकार होता. याहोदांनी पुढे मांडलं की नोकरी पगाराबरोबर वेळेचं बंधन देते, घराबाहेरची माणसं देते, इतरांसोबत काही घडवल्याची भावना देते, समाजात जागा देते आणि हातांना काम देते. पगार आणणं आज तुमच्या हातात नसेल. बाकीच्यातलं थोडंथोडं मात्र घरात बसूनही जमवता येतं.

माझ्यापुरतं सांगायचं तर उठण्याची वेळ आणि एक फोन या दोन गोष्टी मी सोडल्या नाहीत. फोन म्हणजे आवाजाचा फोन, मेसेज नव्हे. कुमार आणि एपली या दोन संशोधकांनी लोकांना जुन्या मित्राशी संपर्क करायला लावला, काहींना फोनवर, काहींना ईमेलवर. फोन अवघड जाईल असं लोकांना आधी वाटत होतं. प्रत्यक्षात अवघडलेपणा जास्त झाला नाही आणि जवळीक मात्र जास्त वाटली. 'इतक्या महिन्यांनी कशाला फोन करू' हे जे वाटतं ना, ते फोन लागेपर्यंतच असतं.

बोलायला विषय नसेल तर न बोलताही सोबत करता येते. मी आणि माझ्याच धंद्यातला एक सोबती व्हिडिओ कॉल चालू ठेवून आपापली कामं करायचो, तो तारा जोडत बसायचा, मी जुने माइक साफ करायचो. तासभरात चार वाक्यं व्हायची. त्या तासाने माझ्या दिवसाला जो टेकू दिला तो गप्पांनी दिला नसता. आणि जमेल तर कुणाच्या तरी उपयोगी पडा, एखाद्या मुलाला रोज अर्धा तास गणित शिकवणं असो की वयस्कर शेजाऱ्याचे ऑनलाइन अर्ज भरून देणं. सतत आपल्यालाच मदत लागतेय या भावनेने माणूस आतून खचतो, त्यावर याच्याइतकं गुणकारी मला काही सापडलं नाही.

बातम्या दिवसातून एकदा-दोनदा, ठरलेल्या वेळी. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च 2020 मध्ये हेच सुचवलं होतं.

एक गोष्ट विचारतो, कारण तुमच्या प्रश्नात शेवटी 'कशालाच अर्थ वाटत नाही' असं वाक्य आहे. जीव नकोसा वाटतो का? आपण नसलो तर सगळ्यांची सोय होईल, असं मनात येतं का? येत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि आजच डॉक्टरांशी किंवा तुमच्या भागातल्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनशी बोला. भावालाही हेच शब्द वापरून सांगा, आडवळणाने नको. तसं नसेल, पण दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक आणि कामातलं लक्ष तिन्ही बिघडलेलं असेल, तरीही डॉक्टरांना दाखवा. यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात.

शेवटचं, काम पुन्हा सुरू झाल्यावरचं. फेब्रुवारी 2020 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आधीच्या साथींमधल्या विलगीकरणावरच्या 24 अभ्यासांचा आढावा आला होता. विलगीकरणामुळे ज्यांचं आर्थिक नुकसान झालं, त्यांच्यात चिंता आणि चिडचिड कित्येक महिन्यांनंतरही दिसत होती, असं त्यात नोंदलं आहे. तेव्हा पैसे यायला लागल्यावरही छातीतली धडधड लगेच थांबली नाही तर घाबरू नका, आणि भावासोबतचा हिशेबाचा अर्धा तास लगेच बंद करू नका. पहिल्या कमाईतून एका महिन्याचा अत्यावश्यक खर्च वेगळा काढा, मग सगळ्यात जास्त व्याजाचं देणं फेडायला घ्या. पुढे ढकललेल्या हप्त्यांचं नवं वेळापत्रक कर्ज देणाऱ्याकडून लेखी मागवा आणि त्यातली मुद्दलाची रक्कम तुमच्या कागदावरच्या रकमेशी ताडून पाहा.