मिथेन लवकर विरतो, मग त्याची एवढी घाई का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. मिथेन, म्हणजे नैसर्गिक गॅसमधला मुख्य आणि पृथ्वी तापवणारा वायू, हवेत साधारण बारा वर्षांत विरतो, तर आधी त्याच्याच मागे का लागायचं? आणि उपग्रहाला गळती खरंच दिसते का?

लवकर विरतो म्हणूनच मागे लागायचं. कार्बन डायऑक्साइड सोडणं आज थांबवलं तरी साचलेला बराचसा शतकानुशतकं राहणार. मिथेनचं उत्सर्जन पुरेसं घटवलं, तर हवेतलं प्रमाण दशकभरात उतरायला लागतं. शिवाय २० वर्षांच्या हिशेबात टनामागे तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट तापवतो. आपल्या हयातीत फरक दिसावा असं वाटत असेल, तर सुरुवात इथूनच करायला हवी.

आता गळती, म्हणजे तेल आणि गॅसच्या प्रकल्पांतून निसटणारा मिथेन. वर्षानुवर्षं तिचे आकडे कागदावरच निघत आले: झडपा इतक्या, प्रत्येकीची सरासरी गळती इतकी, करा गुणाकार. पण गळती अशी सारखी वाटलेली नसते. बहुतेक झडपा ठीक असतात आणि एखादीच भसाभसा सोडत असते. मी इन्फ्रारेड कॅमेरा घेऊन हे शोधायचं काम केलंय. डोळ्यांना काही दिसत नाही, वासही येत नाही, कारण गॅसला वास पुढे, ग्राहकाकडे पाठवताना लावतात. कॅमेऱ्यात मात्र झडपेच्या दांड्यापाशी धुरासारखा लोट वळवळताना दिसतो. कित्येकदा पॅकिंग, म्हणजे दांड्याभोवतीची गळती रोखणारी भरणी, आवळलं की तो तिथल्या तिथे थांबतो! विझलेला फ्लेअर, म्हणजे नको असलेला गॅस जाळायची चिमणी, याहून वाईट. लांबून सगळं शांत वाटतं आणि जळून जायला हवा तो वायू तसाच वर जात असतो.

उपग्रह परावर्तित सूर्यप्रकाशातून मिथेनने शोषलेला भाग ओळखतो. २०१७ मध्ये सोडलेला सेंटिनेल-५पी जवळपास सगळी पृथ्वी रोज पाहतो, पण त्याच्या चित्रातला एक ठिपका काही किलोमीटरांचा. नेमकं ठिकाण जीएचजीसॅटसारखे बारीक नजरेचे उपग्रह दाखवतात. ढग आले की दोघांचीही अडचण. गुरं आणि भातशेतीचा मिथेन विखुरलेला, त्यामुळे तिथे एकेक लोट दाखवून भागत नाही. तिथे पद्धतच बदलावी लागते. भातखाचरातलं पाणी मधूनमधून उतरू दिलं की मातीत हवा शिरते आणि मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव मंदावतात.

मला खरी काळजी वाटते ती पुढच्या टप्प्याची. संयुक्त राष्ट्रांची ‘मार्स’ ही यंत्रणा उपग्रहाला दिसलेल्या मोठ्या गळत्या सरकारांना आणि कंपन्यांना कळवते. २०२४ च्या अहवालात अशा १२०० सूचनांपैकी जेमतेम एक टक्क्याला ठोस उत्तर आलं होतं. पुढच्या वर्षी हे प्रमाण १२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे पत्ता हातात असूनही बहुतेक झडपांपर्यंत पाना घेऊन कोणी गेलेलंच नाही.