इंजिन स्वॅप केल्यावर (गाडीत दुसरं इंजिन बसवल्यावर) पीसीव्हीचे, म्हणजे क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या पोकळ भागातली) घाण वाफ परत इनटेकमध्ये नेणाऱ्या व्यवस्थेचे, पाइप कुठे जोडायचे? दोन्ही टॅपेट कव्हरवर छोटे ब्रीदर फिल्टर (थेट बाहेरच्या हवेत उघडणारे) लावले तर चालेल का?

नको. इंजिनात एअर फ्लो सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) असेल आणि पीसीव्हीचा पाइप मॅनिफोल्डला जोडलेलाच राहिला, तर ब्रीदरमधून सेन्सरने न मोजलेली हवा आत शिरते, मिश्रण लीन होतं (हवेच्या मानाने इंधन कमी पडतं) आणि आयडलिंग बिघडतं.

ताज्या हवेचा पाइप सेन्सर आणि थ्रॉटल बॉडी यांच्या मधून घ्या (टर्बो असेल तर सेन्सर आणि टर्बो यांच्या मधून). घाण वाफ बाहेर नेणारा पाइप पीसीव्ही व्हॉल्व्हमार्गे थ्रॉटलच्या पुढे, इनटेक मॅनिफोल्डला जोडा. काही इंजिनांत वेगळा व्हॉल्व्ह नसतोच, कव्हरमध्येच बारीक ठरावीक भोक असतं. तिथे दुसरा व्हॉल्व्ह घालू नका. कॅच कॅन (वाफेतलं तेल अडवणारा डबा) लावायचा तर याच पाइपवर, आणि बंद प्रकारचा.

टर्बो असेल तर मॅनिफोल्डच्या बाजूला चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारा) हवाच. नाहीतर बूस्ट (टर्बोने दाबलेली हवा) थेट क्रँककेसमध्ये जातो आणि ऑइल सील गळायला लागतात.

पाइप तेल सोसणारा आणि व्हॅक्यूमने न चेपणारा घ्या. मध्ये झोळ ठेवू नका, तिथे पाणी-तेल साचतं (थंडीत गोठतंही).

शेवटी गरम इंजिन आयडलवर ठेवून ऑइल फिलरचं झाकण काढा आणि तोंडावर कागद धरा. तो हलकेच चिकटला पाहिजे. उडत असेल तर आधी पाइप तपासा.