व्हेंडिंग मशीनमधली पेस्ट्री : भाव किती लावावा, माल किती भरावा?

रेल्वे स्थानकावरच्या वजनाच्या काट्यात नाणे टाकून वजन आणि भविष्य छापलेले पुठ्ठ्याचे तिकीट घेणाऱ्या पिढीला, काचेमागची स्प्रिंग फिरून केकचे पाकीट खाली पडते याचे अजूनही थोडे अप्रूप वाटते. हा धंदा करणाऱ्यांना मात्र त्या स्प्रिंगमध्ये अडकलेल्या पैशांची काळजी असते. या अंकासाठी निवडलेल्या चार पत्रांपैकी तीन पत्रे अशाच व्यावसायिकांची आहेत.

प्रश्न : माझी दोन मशीन आहेत. एक अभियांत्रिकी महाविद्यालयात आहे आणि दुसरे एका खासगी रुग्णालयाच्या तळमजल्यावर. जागेचे भाडे, वीज आणि माल भरणाऱ्या मुलाचा पगार वजा केला की तीस रुपयांच्या पाकीटबंद केकवर हाती फारसे काही उरत नाही. तो केक पस्तीस रुपयांना विकला तर चालेल का? निदान थंड ठेवण्याचे पाच रुपये वेगळे घेता येतील का? (एक वाचिका, पिंपरी)

उत्तर : दोन्ही चालणार नाही. पाकिटावर छापलेली कमाल किरकोळ किंमत सर्व करांसह असते आणि वैधमापनशास्त्राच्या आवेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार तिच्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. विकणारा माणूस आहे की यंत्र, याने त्यात फरक पडत नाही. ‘मग हॉटेलात पाण्याच्या बाटलीला जास्त पैसे कसे घेतात?’ असे आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. हॉटेल आणि उपाहारगृहे केवळ वस्तू विकत नाहीत, तर बसण्याची जागा आणि सेवाही देतात, या कारणाने त्यांना ही मोकळीक असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला. जिन्याखाली उभ्या असलेल्या आणि पाकीट घ्यायला ग्राहकाला वाकायला लावणाऱ्या यंत्राला त्या निर्णयाचा आधार घेता येईल, असे मला वाटत नाही. थंड ठेवण्याचा आकार वेगळा दाखवला, तरी ग्राहकाने त्या पाकिटासाठी मोजलेली रक्कम छापील किमतीच्या वरच जाते.

याहून नकळत होणारी एक चूक आपल्या मशीनमध्येही झालेली असू शकते, म्हणून ती मुद्दाम सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून केक, पेस्ट्री आणि बिस्किटे यांच्यावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यानंतर काही पाकिटांची छापील किंमत उतरली, तर दहा-वीस रुपयांच्या काही पाकिटांत किंमत तीच ठेवून वजन वाढवण्यात आले. यंत्रातला भाव मात्र पाकिटावरून नव्हे, तर खणाच्या क्रमांकावरून आकारला जातो. एकाच स्प्रिंगमध्ये पुढे जुनी तीस रुपयांची आणि मागे नवी सत्तावीस रुपयांची पाकिटे असली, तर यंत्र सगळ्यांचे तीसच घेते आणि चौथ्या-पाचव्या ग्राहकापासून आपण छापील किमतीपेक्षा जास्त घेऊ लागता. असा मिश्र माल असेल, तर दोन्हींतली कमी किंमत खणाला लावावी किंवा जुना माल संपेपर्यंत नवा भरूच नये. माल भरणाऱ्या मुलाला पाकिटे मोजायला आपण शिकवले असेलच. आता प्रत्येक नव्या खोक्यातल्या एका पाकिटावरची किंमत वाचून ती खणाच्या भावाशी ताडून पाहायलाही शिकवावे.

छापील किमतीच्या खाली येण्याची मुभा आपल्याला पूर्ण आहे. तेव्हा कमाई वाढवायची ती खरेदीच्या भावात, फेऱ्या कमी करण्यात आणि कोणत्या खणात काय ठेवायचे या निवडीत. या शेवटच्या बाबतीत बरेच जण टक्केवारीकडे पाहतात आणि फसतात. दहा रुपयांच्या कपकेकवर दीड रुपया सुटतो आणि दिवसाला आठ जातात, म्हणजे तो खण रोज बारा रुपये देतो. साठ रुपयांच्या पेस्ट्रीवर बावीस रुपये सुटत असतील आणि चारच जात असतील, तरी तो खण अठ्ठ्याऐंशी रुपये देतो, अर्थात एकही पेस्ट्री फेकावी लागली नाही तर. ही अट किती मोठी आहे, ते पुढच्या पत्रावरून दिसेल.

प्रश्न : एका कंपनीच्या कार्यालयातील माझ्या थंड मशीनमध्ये स्थानिक बेकरीची डबीबंद क्रीम पेस्ट्री ठेवतो. खरेदी अडतीस रुपयांना होते, छापील किंमत साठ आहे. सकाळी भरलेली पेस्ट्री रात्री काढून टाकावी लागते. सरासरी साडेचार जातात म्हणून मी पाच ते सात भरतो, तरीही महिनाअखेर नफा दिसत नाही. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपण दहा दिवसांची विक्री लिहून पाठवली, हे फार चांगले केले, कारण उत्तर त्या आकड्यांतच आहे. ३, ५, ४, ६, ४, २, ५, ७, ४, ५ ही ती विक्री. सरासरी साडेचार येते हे खरे, पण नाशवंत मालाचा भरणा सरासरीवर ठरवू नये. विकल्या गेलेल्या पेस्ट्रीवर आपल्याला बावीस रुपये मिळतात आणि उरलेल्या पेस्ट्रीवर अडतीस जातात, म्हणजे एक उरली की जवळजवळ दोन विकलेल्यांची कमाई बुडते. म्हणून प्रत्येक वाढीव पेस्ट्री ठेवताना ती दहापैकी किती दिवस जाईल, एवढाच प्रश्न विचारावा. पेस्ट्री गेली तरच साठ रुपये येतात, खरेदीचे अडतीस मात्र रोजच जातात, आणि साठातले अडतीस म्हणजे सुमारे त्रेसष्ट टक्के. तेव्हा दहापैकी किमान सात दिवस जाणारी पेस्ट्रीच ठेवण्याजोगी असते. आपल्या आकड्यांत चौथी पेस्ट्री आठ दिवस गेली आहे, पाचवी पाचच दिवस.

आता हिशेब मांडून पाहू. रोज चार भरल्या असत्या, तर दहा दिवसांत चाळीसपैकी सदतीस विकल्या जाऊन सातशे रुपये सुटले असते. पाच भरल्या असत्या, तर बेचाळीस विकल्या गेल्या असत्या, पण सुटले असते सहाशे वीस. सहाचा हिशेब तीनशे साठ रुपयांवर येतो. आणि एकही ग्राहक परत जाऊ नये म्हणून रोज सात ठेवल्या असत्या, तर पंचेचाळीसच्या पंचेचाळीस विकल्या जाऊनही हाती चाळीस रुपये आले असते. दुपारी तीन वाजता रिकामा झालेला खण दुकानदाराच्या डोळ्याला खुपतो हे मला ठाऊक आहे, पण आपल्या धंद्यात तो खण आठवड्यातून दोन-तीन वेळा रिकामा दिसणे हेच निरोगीपणाचे लक्षण आहे.

यात एक मेख आहे. खण रिकामा झाला की विक्री थांबते, मागणी थांबत नाही. ज्या दिवशी चारच भरल्या, त्या दिवसाचा ‘चार’ हा आकडा मागणीचा म्हणून वहीत धरू नये. शेवटची पेस्ट्री किती वाजता गेली ते यंत्राच्या नोंदीत पाहावे. ती रोजच दुपारी एकच्या आत जात असेल, तर आठवडाभर पाच ठेवून पाहायला हरकत नाही. वारही वेगळे धरावेत. कार्यालयात शुक्रवारी अनेक जण घरूनच काम करतात आणि श्रावणात अंडे असलेली पेस्ट्री मागे राहते, हे आपल्या आकड्यांतही दिसू लागेल. अंडे असलेल्या केकवर आपल्याकडे मांसाहाराचे तपकिरी चिन्ह असते. काचेमागचे पाकीट ग्राहकाला उलटून पाहता येत नाही, म्हणून ते चिन्ह समोर येईल अशीच डबी ठेवावी.

संध्याकाळी भाव उतरवण्याविषयी आपण विचारले आहे. सहानंतर साठाचे पंचेचाळीस केले, तरी न विकता फेकण्यापेक्षा ते बरेच. परंतु रोज ठरल्या वेळी उतरवू नये, कारण कार्यालयातली मंडळी हुशार असतात आणि चारची भूक सहापर्यंत रोखून धरतात. आणि एक गोष्ट कितीही तोटा झाला तरी करू नये. रात्री उरलेली पेस्ट्री दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढे सरकवू नये. क्रीमचा माल ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली राहिला पाहिजे, आणि रात्री वीज गेली होती का, हे सकाळी यंत्राच्या थंडाव्यावरून कळत नाही. अनेक थंड यंत्रांत तापमान ठरावीक वेळ वर राहिले, तर त्या खणांची विक्री आपोआप बंद करण्याची सोय असते. आपल्या यंत्रात ती असेल, तर चालू करून घ्यावी.

टिकाऊ, पाकीटबंद सुक्या केकला वरचा हिशेब लावू नये. वितरक मुदत जवळ आलेला माल बदलून देत असेल, तर खण भरून ठेवावा. फक्त शेवटच्या पाकिटाचा नंबर कधी लागेल ते पाहावे : बारा पाकिटांची स्प्रिंग असेल आणि तीन दिवसांत एकच जात असेल, तर सर्वांत मागचे पाकीट छत्तीसाव्या दिवशी निघेल. त्याची मुदत महिनाभराचीच उरलेली असेल, तर सहाच भरावीत. नवी पाकिटे नेहमी मागे आणि जुनी पुढे, हे घरच्या डब्यात आपण करतोच. घाईत असलेला मुलगा मात्र पुढच्या रिकाम्या वळ्यांत नवी पाकिटे खोचून मोकळा होतो.

प्रश्न : आमची जुनी बेकरी आहे. आमची खारी, नानकटाई आणि मावा केक मशीनमधून विकायचे आहेत. काय तयारी करावी? (बेकरीचालक, सातारा)

उत्तर : आपला माल आपणच पाकीटबंद करणार असल्याने किंमत छापण्याचा अधिकार आपलाच आहे, त्यामुळे यंत्राचा खर्च धरून ती ठरवता येईल. मात्र तंतोतंत तेच पाकीट दुकानात एका आणि यंत्रात दुसऱ्या छापील किमतीला ठेवण्याच्या भानगडीत पडू नये. यंत्रासाठी वेगळ्या वजनाचे पाकीट करणे सरळ पडते. पाकिटावर नाव-पत्ता, निव्वळ वजन, घटक, तारखा, किंमत, शाकाहार-मांसाहाराचे चिन्ह, अन्नसुरक्षेचा परवाना किंवा नोंदणी क्रमांक आणि तक्रारीसाठी दूरध्वनी हवा.

खारीचे मात्र वेगळे सांगतो. एका रुग्णालयात रात्री दीडच्या सुमारास मी यंत्राच्या सर्वांत वरच्या ओळीतली खारी घेतली. ती तीन-साडेतीन फुटांवरून पडली आणि पाकिटात खारीऐवजी भुगा हाती आला. चहात चमच्याने खाल्ली. खारी खालच्या ओळीत ठेवावी किंवा ताठ डबीत भरावी आणि स्प्रिंगच्या दोन वळ्यांतले अंतर पाकिटाच्या जाडीला साजेसे घ्यावे, नाहीतर ते मध्येच अडकते. मावा केक नाशवंत आहे. पहिले दोन महिने नानकटाईवरच काढावेत, मग तो ठेवून पाहावा.

प्रश्न : मशीनमधून निघालेल्या स्विस रोलची मुदत चार दिवसांपूर्वी संपलेली होती. पैसे यूपीआयने दिले होते. तक्रार कोणाकडे करायची? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : पाकीट फोडू नये आणि फेकूही नये. तारीख, यंत्रावरचा क्रमांक आणि आतला तो खण यांची छायाचित्रे घ्यावीत, व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवावा आणि यंत्रावर दिलेल्या दूरध्वनीवर आधी कळवावे, कारण त्याच स्प्रिंगमध्ये मागे आणखी तशीच पाकिटे असण्याचा संभव आहे आणि दूरवरूनही तो खण बंद करता येतो. दाद मिळाली नाही, तर पैशांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. मुदतबाह्य अन्न विकल्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या ठाणे कार्यालयात करावी, आणि तेव्हा ते न फोडलेले पाकीट सोबत न्यावे.