‘बीइंग’चा एकच प्रतिशब्द मागू नकोस

प्रिय भाषांतरकारास,
सप्रेम आशीर्वाद.

तुझी पाने वाचली. ‘बीइंग’ हा इंग्रजी शब्द मूळ मजकुरात अकरा वेळा आला आहे, अकराही ठिकाणी तू ‘अस्तित्व’ लिहिले आहेस आणि वर विचारले आहेस की ‘अस्तित्व’ योग्य की ‘सत्ता’. आजच्या मराठी वाचकाला ‘सत्ता’ म्हटले की खुर्ची आठवते, त्यामुळे ते राहू दे. पण मुळात प्रश्नच चुकला आहे. तो शब्द त्या वाक्यात काय काम करतो, ते आधी पाहा.

‘ह्यूमन बीइंग’ म्हणजे माणूस. ‘वेल-बीइंग’ म्हणजे कुठे खुशाली, कुठे कल्याण. ‘फॉर द टाइम बीइंग’ म्हणजे तूर्त. वाक्याची सुरुवात ‘बीइंग इल’ अशी असेल तर ‘आजारी असल्यामुळे’ एवढेच पुरे. ‘द ब्रिज इज बीइंग बिल्ट’मध्ये तर तो केवळ काम चालू असल्याची खूण आहे, ही रचना इंग्रजीत अठराव्या शतकाच्या अखेरीस रुळू लागली आणि पुढच्या शतकातही कित्येक व्याकरणकारांना ती खपत नव्हती. पूल बांधला जातो आहे, इथे ‘अस्तित्व’ कुठे बसवशील?

मी इतका हट्ट का धरतो, ते सांगतो. तेविसाव्या वर्षी मी एका वसतिगृहाची पत्रे मराठीत करून देत असे. एका मुलाबद्दल अधीक्षकांनी लिहिले होते, ‘ही इज बीइंग स्टबर्न’. मी लिहिले, ‘मुलगा हट्टी आहे.’ आठवड्याने वडील आले. घडी घालून घालून मऊ पडलेले ते पत्र त्यांनी टेबलावर उलगडले आणि त्या ओळीवर बोट ठेवून विचारले, ‘स्वभावच तसा आहे का हो त्याचा?’ मूळ वाक्य स्वभावाबद्दल नव्हतेच. मुलगा त्या दिवसांत हट्टीपणा करत होता, एवढेच त्यात होते. ‘इज’ आणि ‘इज बीइंग’ यांतला फरक मी गिळून टाकला होता. दिवसाला पंधरा पत्रे करावी लागत आणि तपासणारे कोणी नव्हते, हे खरे आहे आणि ते मी आजही सांगतो. पण त्या बापाला मी चूक कबूल केली नाही, हेही तितकेच खरे आहे.

म्हणून पुन्हा सांगतो, काम पाहा. त्यासाठी लागणारी हत्यारे मराठीत आहेत. ‘बीइंग’ हे ज्याचे रूप आहे ते इंग्रजीचे ‘टु बी’ क्रियापद तीन मुळांतून जुळून आले आहे: ‘इज’ हे संस्कृत ‘अस्’चे भावंड, ‘बी’ हे ‘भू’चे आणि ‘वॉज’ हे ‘वस्’चे. आपल्याकडे ही तिन्ही कुळे असणे, होणे आणि वसणे अशी वेगवेगळी नांदत आहेत. इंग्रजीला जे एकाच शब्दात कोंबावे लागते, ते आपल्याला निवडून घेता येते, आणि तू ती निवडच नाकारतो आहेस याचा मला राग येतो.

जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरच्या परिच्छेदापाशी तू अडलास, ते मात्र रास्त आहे. 1927 च्या त्याच्या ग्रंथात ‘झाइन’ म्हणजे नुसते असणे आणि ‘झाइएन्डे’ म्हणजे जे काही आहे ते, हा भेद सगळ्याच्या मुळाशी आहे. 1962 च्या इंग्रजी भाषांतराने पहिल्यासाठी ‘बीइंग’चे आद्याक्षर मोठे केले. देवनागरीत मोठे अक्षर नाही, त्यामुळे ती सोय आपल्याला नाही. तिथे मी ‘असणे’ आणि ‘जे आहे ते’ असे लिहीन. ‘अस्तित्व’ मुद्दाम टाळीन, कारण त्याच लेखकाने ‘एग्झिस्टेन्त्स’ हा शब्द माणसाच्या असण्यासाठी वेगळा राखून ठेवला आहे आणि ‘अस्तित्व’ तिथे लागणार आहे.

पाने परत पाठवतो आहे. अकराही ठिकाणी पेन्सिलीने गोल केले आहेत, शब्द सुचवलेला नाही. प्रत्येक गोलाशेजारी समासात तो शब्द तिथे काय करतो ते आधी एका ओळीत लिही आणि मगच भाषांतराला हात घाल. आठव्या गोलापाशी मीही बराच वेळ थांबलो होतो. तिथे तू काय करतोस, ते मला पाहायचे आहे.

तुझा,
एक जुना भाषांतरकार