गावाचा इतिहास लिहायला इतिहासाची पदवी लागते का?

आपण विचारले आहे की, आपण शाळेत गणित शिकवता, इतिहासाची पदवी नाही, तरी गावाचा इतिहास लिहायला घ्यावा का आणि सुरुवात कोठून करावी. मी मिरज भागात ३१ वर्षे मराठी शिकवले आणि त्यांतली निम्मी वर्षे हाच उद्योग केला, म्हणून लिहितो.

पदवीची अडचण मनातून काढून टाकावी. आमच्या मिरजेतच वासुदेवशास्त्री खरे हायस्कुलात संस्कृत शिकवत. नोकरी सांभाळून त्यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरांतील पत्रे वाचली, निवडली आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने ती छापत राहिले. उत्तर पेशवाईवर लिहिणाऱ्याला तो संग्रह आजही टाळता येत नाही.

सुरुवात आपल्याच शाळेच्या जनरल रजिस्टरापासून करावी. त्यात ‘शाळा सोडल्याचे कारण’ हा रकाना असतो आणि तो कोणी वाचत नाही. आमच्या रजिस्टरात १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या महिन्यांत त्या रकान्यात ‘मयत’ हा शेरा ओळीने आला आहे. साथीचे वर्णन मी पुस्तकांत वाचले होते, पण ती आपल्या गल्लीतून गेली हे मला त्या पानाने सांगितले.

जुन्या कागदांची मोडी लिपी मात्र शिकावीच लागेल. त्यात शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, आणि लिपी जमली तरी कालगणना फसवते. एका माजी विद्यार्थ्याने घरचा रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेला जुन्या कागदांचा गठ्ठा, माझ्यापुढे सोडला (गुरुजींना कागद दाखवायला लोक कचरत नाहीत, हे आपले खरे भांडवल). त्यातील एका कागदावर ‘सलास सबैन मया व अलफ’, म्हणजे ११७३, असे साल होते. ते शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत अरबी शब्दांनी लिहिली जाणारी कालगणना, होते. इसवी सन काढायला त्यात ५९९ मिळवायचे असतात. मी फसली या महसुली सनाच्या हिशेबाने ५९० मिळवले आणि गावच्या जत्रेच्या स्मरणिकेत १७६३ साल छापून मोकळा झालो. कागदात नारायणराव पेशव्यांचे नाव स्पष्ट होते. १७६३ मध्ये ते जेमतेम आठ वर्षांचे होते आणि गादीवर माधवराव होते. ही विसंगती सातवीतल्या एका मुलीने दाखवली. खरे साल १७७२-७३, जे नारायणरावांच्या अल्पकाळच्या पेशवाईशी नेमके जुळते. आपण गणिताचे शिक्षक आहात, तेव्हा ही बेरीज तरी आपली चुकणार नाही.

वृद्धांच्या आठवणी जरूर टिपून घ्याव्यात, पण सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख घालून. आणि गावाच्या नावाची पुराणातली व्युत्पत्ती कोणी कितीही आग्रहाने सांगितली तरी ‘असे सांगतात’ एवढ्यावरच थांबावे. ज्याचा कागद त्याला छायाचित्र काढून त्याच आठवड्यात परत करावा. माझ्याकडे एक कागद वर्षभर राहिला होता, त्यानंतर त्या घराने मला दुसरा दाखवला नाही.