"मॅडम, चूक माझीच ना?"

महिन्यातून दोनतीन जणी तरी हे वाक्य घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येतात. गर्भपात होऊन गेलेला असतो, शरीर सावरलेलं असतं, पण डोक्यात रोज रात्री उलटतपासणी चालू.

ही चोवीस वर्षांची (तपशील बदललेत), पेठेत कॉटबेसिसवर राहून परीक्षेची तयारी करणारी. सातव्या आठवड्यात डॉक्टरांकडून रीतसर गोळ्या घेतलेल्या. त्याआधी एका दवाखान्यातून "नवऱ्याची सही आणा" म्हणून परत पाठवलेलं. खरं तर अठरा पूर्ण असतील तर बाईची एकटीची सही पुरते आणि 2021 च्या दुरुस्तीत 'पती' जाऊन 'जोडीदार' हा शब्द आलाय, पण हे सांगतं कोण.

तिसऱ्या भेटीतही तेच, "मी बेजबाबदार वागले, आता भोगायलाच हवं." मी कागदावर गोल काढला. म्हटलं, ही भाकरी समज. जे झालं त्यात कुणाचा किती वाटा ते तुकडे पाड, तुझा सगळ्यात शेवटी.

पेन हातात धरून बसली नुसती. मग हळूच, "त्याचा पण?"

"का, तो नव्हता का तिथे?"

पहिल्यांदा हसली. मग म्हणाली की संबंधानंतर दुसऱ्याच दिवशी ती मेडिकलमध्ये गर्भ राहू नये म्हणूनची गोळी घ्यायला गेलेली, पण काउंटरवर दोन काका उभे होते म्हणून क्रोसिन घेऊन परत आली. 72 तासांत घ्यायची ती गोळी आणि हातात क्रोसिन! र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, आणि शंभर वर्षांनी आपण अजून काकांना घाबरतोय.

त्याचा तुकडा, घरचा, प्रजननाचा धडा आला की 'हा धडा घरी वाचा' म्हणणाऱ्या सरांचा, असं करत शेवटी पाव भाकरी उरली. तिने त्यावर बोट ठेवलं, "एवढा माझा आहे." आणि मग रडली, बऱ्याच दिवसांनी मोकळं.

सुरुवातीच्या वर्षांत मीही 'तुझी काहीच चूक नाही गं' म्हणायचे. ते पटत नाही, कारण तिला माहीत असतं की थोडी आहे. अपराधीपणाला अख्खी भाकरी लागते, जबाबदारी पाव भाकरीची असते आणि ती पचते. पुढे निरोध कोण आणणार, नाही कधी म्हणायचं, हे ती त्या पाव भाकरीवरच ठरवू शकली. (आणि बायांनो, गर्भपाताच्या गोळ्या कुणाला तरी विचारून परस्पर घेऊ नका, आधी डॉक्टर.)

पुढच्या वेळी त्यालाही घेऊन आली. मी तोच कोरा गोल दिला. त्याने लगेच तिचा तुकडा काढायला घेतला, तसं तिने पेन धरलं. "स्वतःचा आधी काढ."