'रेगे' म्हणजे राजाचे संगीत?

प्रश्न असा आहे: जमैकाच्या 'रेगे' संगीताचे नाव लॅटिनमधल्या राजवाचक शब्दावरून आले आणि त्याचा अर्थ 'राजाचे संगीत', हे खरे का? आपल्याकडच्या रेगे आडनावाशी त्याचे काही नाते आहे का? आणि कॅरिबियन बेटांवरच्या सगळ्याच संगीताला रेगे म्हणावे का?

आडनावाचे आधी सांगतो. नाते नाही. कोकणातल्या सारस्वतांचे हे आडनाव त्या शब्दाशी फक्त उच्चाराने जुळते.

राजाची व्युत्पत्ती रेगेचा जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ली याच्या नावावर सांगितली जाते, म्हणून ती फार पसरली. मला ती पटत नाही. कॅसिडी आणि ले पेज यांनी जमैकन इंग्रजीचा मोठा कोश केला; त्याची पहिली आवृत्ती १९६७ची. त्यात 'रेगे-रेगे' हा बोलीतला शब्द आहे आणि त्याचे अर्थ दोन: एक चिंध्या, लक्तरे, दुसरा भांडण, बाचाबाची. पुढच्याच वर्षी टूट्स अँड द मेटल्स यांचे 'डू द रेगे' हे गाणे आले. हा शब्द गाजलेल्या गाण्यात पहिल्यांदा आला तो तिथेच. गाणे नाचाचे आहे, त्यात राजाबिजा कुठे नाही. स्पेलिंगही तेव्हा ठरलेले नव्हते. गाण्याच्या नावात शब्दाच्या शेवटी 'वाय' लावून ते छापले गेले. गायक टूट्स हिबर्ट यांनी पुढे सांगितले की किंग्स्टनमध्ये गबाळ्या राहणीच्या मुलीला 'स्ट्रेगे' म्हणत, त्यावरून हा शब्द सुचला. गायक डेरिक मॉर्गन यांचे म्हणणे वेगळे: निर्माते बनी ली यांनी ऑर्गन आणि ऱ्हिदम गिटार एकत्र वाजवून घेतले, तो आवाजच 'रेगे, रेगे' असा ऐकू येई.

यातले एकच खरे मानायची गरज नाही. बोलीत तोंडी असलेला शब्द वाद्याच्या आवाजाशी जुळला आणि टिकला, असे मला वाटते. 'स्का' या आधीच्या प्रकाराचे नावही गिटारच्या तुटक आघातावरून पडले, असे अर्नेस्ट रँग्लिनसारखे वादक सांगत.

त्या आघाताबद्दल थोडे सांगायलाच हवे, कारण रेगेचे वेगळेपण तिथेच आहे. पन्नाशीच्या दशकात किंग्स्टनमध्ये साउंड सिस्टिमवाले मोठे कर्णे लावून अमेरिकी ऱ्हिदम अँड ब्लूजच्या तबकड्या वाजवत. पुढे त्यांच्यापैकीच कॉक्सन डॉड, ड्यूक रीड यांनी स्थानिक वादकांना घेऊन स्वतःच्या तबकड्या काढल्या. त्यातून स्का निघाला आणि १९६२च्या स्वातंत्र्याच्या सुमारास तो बेटभर दुमदुमत होता. १९६६च्या आसपास लय संथ होऊन रॉकस्टेडी झाले, आणि १९६८मध्ये रेगे. तबल्याला सरावलेल्या कानाला यातला 'वन ड्रॉप' ठेका चक्रावून टाकतो: चार मात्रांत सम मोकळी सोडायची आणि बास ड्रमचा ठोका तिसऱ्या मात्रेवर द्यायचा. मार्लीच्या वेलर्स बँडमधल्या कार्लटन बॅरेटचे ड्रम एकदा फक्त त्यासाठी ऐका.

मग राजा आला कुठून? जमैकातल्या रास्ताफारी पंथाच्या लोकांकडून. इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांचे राज्याभिषेकापूर्वीचे नाव 'रास ताफारी', आणि हे लोक त्यांना देव मानतात. १९६६मध्ये ते जमैकात आले तेव्हा विमानतळावर लोटलेली गर्दी आवरेना. सत्तरच्या दशकात रेगे या श्रद्धेचा आवाज झाले, तेव्हा नावातही राजा दिसू लागला. ती भक्तांनी केलेली फोड आहे, आणि भक्ती म्हणून मला तिचा आदर वाटतो. पण लक्तरे नेसणाऱ्यांच्या वस्तीतून उगवलेल्या संगीताला लक्तरांचेच नाव असणे मला जास्त मोलाचे वाटते.

याच बेटावरच्या एका शब्दाशी आपले नाते मात्र खरे आहे: गांजा. १८४५पासून हिंदुस्थानातून गेलेल्या करारबद्ध मजुरांनी तो तिकडे नेला आणि रेगेच्या गाण्यांतून तो जगभर पोचला.

लिहिताना 'रेगे' असेच लिहावे. 'रेग्गे' हे इंग्रजी स्पेलिंगचे ओझे आहे. आणि सरसकट सगळ्या बेटांच्या संगीताला हे नाव देऊ नये. कॅलिप्सो आणि त्यातून गायक लॉर्ड शॉर्टीने सत्तरच्या दशकात घडवलेला सोका हे त्रिनिदादचे. तिथल्याच भारतीय वंशाच्या लोकांच्या भोजपुरी गाण्यांतून झाली ती 'चटनी', आणि तिच्यात ढोलक असते.